धागा: अंगावरून वारं गेलं, पाय आला, हाताचं काय करू?

कृष्णाकाठ | २४ जुलै, रात्री १०.४०

आईला १९ जूनच्या पहाटे झटका आला. वय ६४. बीपीची गोळी चालू होती, पण 'आज बरं वाटतंय' म्हणून अधूनमधून सोडायची. दूध तापवायला उठली आणि पातेलं हातातून निसटलं. आवाजाने वडील उठून आले तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती, तोंड वाकडं, उजवा हात लोंबत. सगळे म्हणाले अंगावरून वारं गेलंय, अमुक गावात औषध मिळतं. आधी तिकडे नेलं. कराडला हॉस्पिटलात पोचेपर्यंत सात तास झाले होते. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत टळून गेली होती. मी तेव्हा पुण्यात होते. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या. मध्ये कुठेही थांबू नका.

आता पाच आठवडे झालेत. पाय बराच सावरला, काठी आणि माझा आधार घेऊन न्हाणीपर्यंत जाते. बोलणं 'नको' आणि 'बाई गं' एवढंच. हो म्हणायचं असलं तरी तोंडातून 'नको' येतं आणि मग तिचा तिलाच राग येतो. उजवा हात पहिले दोन आठवडे ओल्या टॉवेलसारखा होता. आता कोपरात वाकून छातीशी येतो आणि मूठ आवळलेली. उघडायला गेलं की दुखतं. फिजिओ आठवड्यातून तीनदा येतात, अर्धा तास, आणि तो जवळजवळ सगळा चालण्यात जातो. डिस्चार्ज कार्डावर हाताबद्दल दोनच शब्द आहेत: 'बॉल दाबणे'.

चातुर्मासात आई लक्षवाती करायची. दुपारी जेवणं झाली की मांडीवर कापूस आणि बोटं चालूच. ती टोपली मी माळ्यावर ठेवून दिली, तिला दिसू नये म्हणून.

पाय आला, मग हात का नाही? घरी नेमकं काय करायचं? शेजारच्या काकांनी दाराच्या चौकटीला कप्पी आणि दोरी बांधून दिली आहे, ती वापरू का? आणि अजून एक. आई जांभई देते तेव्हा तोच उजवा हात आपोआप छातीपर्यंत उठतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही सगळे ओरडलोच, आला आला म्हणून. जांभई संपली की खाली पडतो. मग 'उचल' म्हटलं की हलत नाही, आणि ती रडते. तिला येतंय आणि ती करत नाही, असं काही आहे का?

तुळशीवृंदावन | २४ जुलै, रात्री ११.१५

ताई, वाचून गलबलून आलं. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्हीही आधी औषधालाच नेलं होतं. स्वतःला दोष देत बसू नका. इथे रानजाई ताई आहेत, त्या नीट सांगतील.

रानजाई | २५ जुलै, सकाळी ६.२०

कृष्णाकाठ, मी फिजिओ आहे, नाशिकला, सतरा वर्षं झाली. एक गोष्ट आजच करा: ती कप्पी काढून टाका. काकांनी मायेने बांधली आहे, पण वारं गेलेल्या खांद्याचे स्नायू सैल असतात, हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरलेला असतो. चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात डोक्यावर नेला की खांद्याच्या आतल्या मऊ भागाला चिमटा बसतो. त्यातून असं दुखणं लागतं की पुढे कित्येक महिने माणूस हाताला हातच लावू देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये हात न येण्याचं कारण कितीदा तरी मेंदू नसतो, खांदा असतो. उठवताना बगलेत हात घालून किंवा मनगट धरून ओढू नका. कमरेला पट्टा बांधून, तो धरून उठवा. बसताना हात उशीवर, झोपताना उशीवर, मांडीवरून खाली लोंबू द्यायचा नाही. पंजा सुजत असेल तर कोपरापेक्षा वर ठेवा. संवेदना किती आहे ते तपासल्याशिवाय गरम पाण्याची पिशवी मुळीच नको. भाजलेलं तिला कळणारही नाही.

आता जांभईचं. ती टाळत नाहीये, हे घरात सगळ्यांना सांगा. वडिलांना आधी सांगा. जांभईचा हुकूम मेंदूच्या फार खालच्या, जुन्या भागातून सुटतो. ठरवून हात उचलायचा हुकूम वरच्या थरातून निघतो, मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतो आणि मणक्यात उतरतो. तिची ही दुसरी वाट तुटली आहे, पहिली शाबूत आहे. म्हणून जांभईत हात उठतो आणि सांगितल्यावर उठत नाही. 'बघ, तुला येतं की' असं एकदाही म्हणू नका. तिच्या बाजूने ते फार क्रूर होतं.

पाय आधी का येतो? मेंदूत पायाचा भाग मधल्या फटीच्या बाजूला, वरच्या टोकाशी आहे आणि त्याला रक्त पुरवणारी वाहिनी वेगळी आहे. हात, चेहरा आणि उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांत बोलणं, हे सगळं मधल्या मोठ्या वाहिनीच्या वाटणीला येतं. गाठ बहुतेकदा तिथेच अडकते. आईचं बोलणं आणि हात एकत्र गेले, त्याचं कारण हे. शिवाय पाय थोडा ताठ राहिला तरी खांबासारखा वापरून चालता येतं. हाताचं तसं नाही. बटण लावायला वीसेक स्नायूंनी एकमेकांचं ऐकावं लागतं.

आणि तिसरं कारण आपण सगळे मिळून तयार करतो. पाय वापरल्यावाचून संडासला जाता येत नाही, म्हणून पायाला रोज काम मिळतं. हाताला कोण देतं? भरवायला तुम्ही, वेणी घालायला तुम्ही, आणि उरलेलं सगळं डावा हात करतो.

एक विचारते: पहिल्या तीन-चार दिवसांत बोटं थोडी तरी उघडत होती का? खांदा बाजूला जरासा तरी उचलत होता का?

कृष्णाकाठ | २५ जुलै, दुपारी १.०५

कप्पी काढली. काकांना सांगताना जड गेलं, पण त्यांनी स्वतःच स्टूल आणून सोडली.

हो. चौथ्या दिवशी सिस्टर बांगड्या काढत होत्या तेव्हा तिने तर्जनी किंचित वर केली होती. मला वाटलं होतं भास झाला.

रानजाई | २५ जुलै, दुपारी १.४०

भास नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली एक अभ्यास छापून आला. पहिल्या काही दिवसांतच ज्यांची बोटं थोडी उघडत होती आणि खांदा बाजूला थोडा उचलत होता, त्यांच्यातल्या ९८ टक्क्यांचा हात सहा महिन्यांनी काही ना काही कामाला येईल असा हिशेब निघाला. दोन्ही नसलेल्यांचं प्रमाण २५ टक्के. आईची तपासणी त्या रीतीने झालेली नाही, तेव्हा ९८ चा आकडा तिच्यावर चिकटवू नका. पण तर्जनी उचलली होती हे मला फार मोलाचं वाटतं. मूठ वळणं आधी येतं, उघडणं नंतर, अंगठा आणि चिमूट सगळ्यांत शेवटी. तिचा हात त्याच वाटेवर आहे. आधी ओला टॉवेल, मग ताठरपणा, मग सगळ्या स्नायूंची एकत्र ओढ: हात उचलायला गेलं की कोपर वाकणार, मूठ आवळणार. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या फिजिओ बाईंनी या पायऱ्या गेल्या शतकातच नोंदवून ठेवल्या आहेत. ताठरपणा आला म्हणजे बिघडलं असं नाही, हात पुढच्या पायरीवर आला. तिथेच अडकू नये यासाठी आपली धडपड.

बॉल मात्र बाजूला ठेवा. आवळण्याची ओढ तिला आहेच, उघडण्याची नाही. आवळायचा सराव देऊन काय साधणार?

माळरान | २५ जुलै, रात्री ९.३०

आमच्या आण्णांना २०१९ ला झालं, मंगळवेढ्याजवळ गाव. फिजिओ ४० किलोमीटरवर, एका खेपेला दिवस मोडायचा. दोन महिने गेलो, मग सोडलं. कबुतराच्या रक्ताचं मालिशही केलंय आम्ही, सांगायला लाज वाटत नाही, माणूस घाबरला की काहीही करतो. त्यानं काही झालं नाही, आणि महिना गेला तो गेलाच.

रानजाई ताई म्हणत्यात ते आमच्या घरात घडलंय. आईनं आण्णांना घासन् घास भरवला. चहासुद्धा तीच तोंडाला लावायची. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठ-दहा दिवस तिला वाकायचं नव्हतं, मी रानात. आण्णा एकटे. तिसऱ्या दिवशी घरी आलो तर डाव्या लुळ्या हाताच्या मनगटाखाली भाकरी दाबून धरलेली, आणि उजव्यानं तोडतायत. धरायला हात वापरायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. भुकेनं शिकवलं. मग आम्ही ठरवून तसंच चालू ठेवलं. ज्वारीच्या रासीत हात घालून बसवायचो, तळापर्यंत बोटं न्यायची आणि उघडायची. शेंगा सोलायच्या, लुळ्या हातात शेंग, चांगल्यानं फोडायची. आज आण्णा डाव्या हातानं दावं धरत्यात. गाठ मारता येत नाही. पण म्हस सुटत नाही.

गोकर्ण | २६ जुलै, सकाळी ७.५०

माळरान, तुमच्या घरी भुकेनं जे घडवलं त्याला शास्त्रात आधार आहे, आणि मी शिकलेली पहिली मोठी गोष्ट तीच होती. (मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवणारी, मुंबई. हाजी अलीच्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेत शिकताना हात या एका विषयावर महिनेच्या महिने गेलेत.) अमेरिकेत एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञाने माकडांवर काम केलं. माकडाच्या एका हाताची संवेदना घालवली की ते तो हात वापरायचंच सोडून देई, हलवायची ताकद असूनही. सुरुवातीला प्रयत्न फसतात, दुसऱ्या हाताने भागतं, मग न वापरण्याचीच सवय लागते. चांगला हात बांधून ठेवला की तोच निकामी हात कामाला लागे. त्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून पुढे मोठा खटलाही झाला, तेही सांगायला हवं. त्यातून माणसांसाठी एक उपचार तयार झाला: चांगल्या हाताला जाड मोजा घालून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घ्यायचं. २००६ साली त्याची मोठी चाचणी छापून आली. २२२ रुग्ण, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे, जागेपणीच्या ९० टक्के वेळात मोजा. वर्षभरानंतरही त्यांचा हात नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा चांगला चालत होता.

पण यात एक अट आहे, आणि घरी लोक नेमकी तीच विसरतात. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडता आली पाहिजेत. काहीच हालचाल नसलेल्या माणसाचा चांगला हात बांधणं म्हणजे त्याला कोंडून घालणं आहे. आणि चालताना मोजा कधीच नको, तोल गेला तर सावरायला तोच हात लागतो. कृष्णाकाठ, आईसाठी हे आत्ता नाही. आत्ता आरसा.

एक साधा आरसा, दीड फूट लांब पुरे, आईच्या समोर टेबलावर मधोमध उभा करा, काच डाव्या बाजूला. उजवा हात आरशामागे. तिने आरशात पाहत डावा हात हलवायचा: पंजा उघड-मीट, मनगट वर, तळवा उलट-सुलट. आरशात तिला उजवा हात हलताना दिसेल. मागचा हात जमेल तसा सोबत न्यायचा. रोज वीस ते तीस मिनिटं, चार-सहा आठवडे. अंगठी, बांगड्या दोन्ही हातांतून काढा, नाहीतर फसवणूक पटत नाही. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या लोकांच्या वेदनेसाठी हा आरसा वापरला आणि १९९९ साली अर्धांगाच्या रुग्णांवरचा पहिला छोटा प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे बऱ्याच चाचण्या झाल्या, बहुतेकींत थोडा का होईना फायदा दिसला. आणि खर्च आरशाचा.

वातींची टोपली खाली आणा, अशी माझी विनंती आहे. वळता येणार नाहीत. पण तिच्या उजव्या पंजाखाली कापूस ठेवा आणि डाव्याने तिला पिंजू दे.

अनामिक९ | २६ जुलै, दुपारी ३.१०

माझ्या भावाला न्यूरो डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरची गोळी) दिलं, त्याने हात सुधारतो म्हणाले. आईसाठी डॉक्टरांना विचारून बघा.

स्टेथोस्कोप | २६ जुलै, रात्री ८.४५

मी लातूरला मेडिसिनमध्ये आहे. अनामिक९, तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी काय पाहून दिलं ते मला माहीत नाही, तेव्हा त्यांना न विचारता बंद करू नका. एकूण चित्र असं आहे: २०११ साली फ्रान्समधल्या एका चाचणीने मोठी आशा दाखवली होती. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१८ अखेरीस निकाल आला. सहा महिन्यांनी रुग्णांचं स्वावलंबन गोळीने वाढलं नाही. नैराश्य कमी झालं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. नंतरच्या दोन मोठ्या चाचण्यांनीही तेच सांगितलं. म्हणून फक्त हातासाठी ही गोळी मी देत नाही. नैराश्य असेल तर जरूर. आणि ते असतं. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला होतं. ज्याला बोलता येत नाही त्याचं तर कुणाला कळतही नाही. कृष्णाकाठ, आई जेवते का, झोपते का, तिच्या आवडीच्या माणसाकडे बघून डोळे हलतात का, हे पाहत राहा.

ताठरपणा खूप वाढला, पंजा धुता येईना, नखं तळव्यात रुतायला लागली तर बोटॉक्सचा विचार होतो. इंजेक्शन नेमक्या स्नायूंत देतात, असर साधारण तीन महिने. त्याने हात उघडतो, काम शिकत नाही. ते त्या तीन महिन्यांत आपणच शिकवायचं, नाहीतर पैसे पाण्यात.

आणखी एक, कदाचित कडू लागेल. घरच्यांनी करायच्या व्यायामावर आपल्याच देशात मोठी चाचणी झाली आहे. १४ हॉस्पिटलं, १,२५० रुग्ण, 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली निकाल. घरच्यांना शिकवून घरी व्यायाम करून घेतलेले रुग्ण आणि नेहमीच्या उपचारातले रुग्ण, सहा महिन्यांनी दोन्हींत फरक दिसला नाही.

कृष्णाकाठ | २६ जुलै, रात्री ११.५५

डॉक्टर, हे वाचून मी तासभर नुसती बसून राहिले. म्हणजे मी नोकरीतून दोन महिने बिनपगारी रजा घेतली ती कशासाठी?

रानजाई | २७ जुलै, सकाळी ५.४५

कृष्णाकाठ, रात्री झोपला नसाल. स्टेथोस्कोप यांनी खरं तेच सांगितलं, पण ती चाचणी काय मोजत होती ते पाहा: किती जण दगावले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिले. पंजा किती उघडला हा तिचा मुख्य प्रश्न नव्हता. मी त्यातून माझ्यापुरता एवढाच धडा घेतला: घरच्यांना थोडंसं शिकवून सोडून द्यायचं आणि थेरपिस्ट नेमायचे नाहीत, हे चालणार नाही. सरकारी हॉस्पिटलांत जागा भरा असं म्हणायला मी तोच आकडा वापरते.

खरी गोष्ट प्रमाणाची आहे. अमेरिकेत २००९ साली थेरपिस्ट नेमकं काय करून घेतात ते कुणीतरी बसून मोजलं. एका सत्रात हाताच्या कामाची पुनरावृत्ती सरासरी ३२ वेळा. प्रयोगशाळेत प्राण्यांचा मेंदू बदललेला दिसतो तो दिवसाला चारशेच्या पुढे गेल्यावर. बत्तीस आणि चारशे! पेटी शिकणाऱ्या पोराला दिवसातून बत्तीसदा पट्टी दाबायला सांगितलं तर सा सुद्धा बसणार नाही. माझ्या अर्ध्या तासात मी चारशे करून घेऊ शकत नाही. ते तुमच्या घरात, दिवसभरात, पन्नास-पन्नासच्या हप्त्यांनीच होणार. रजा त्यासाठी आहे.

पेटीवाला | २७ जुलै, सकाळी ९.००

पेटीचं नाव निघालं म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचतो. वय ६१. सहा वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली. भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवली. डाव्या हाताने टाइप करतोय, वेळ लागतो.

आतून कसं वाटतं ते सांगतो, कारण कृष्णाकाठ यांच्या आई सांगू शकत नाहीत. हात माझा आहे हे कळायचं. पण तो भिंतीपलीकडच्या माणसासारखा. मी हाक मारतोय, त्याला ऐकू जात नाही. सगळे म्हणायचे 'जोर लावा'. जोर लावला की बोटं अजून आवळायची. जोर कुठे लावायचा हेच तर विसरलेलं असतं. सगळ्यात थकवा त्याचा यायचा. दहा मिनिटं बोट उघडायचा प्रयत्न केला की दिवसभर नांगर धरल्यासारखं अंग गळून जायचं. लोकांना वाटायचं आळस. आईंना दुपारी झोपू द्या.

सहा महिन्यांनी मला सांगण्यात आलं, आता जे आलं ते आलं. मी पेटी कपड्यात गुंडाळून ठेवली. चौदाव्या महिन्यात एक तरुण फिजिओ मुलगी आली. तिने विचारलं, काका, तुम्ही आधी काय करायचात? आतापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. तिने पेटी काढायला लावली आणि उलटी फिरवली. पट्ट्या डाव्या हाताला, भाता उजव्या हाताला. भात्याला बोटं लागत नाहीत, नुसता तळवा टेकवायचा आणि ढकलायचं, मग सोडायचं. ढकल, सोड. सुरुवातीला तिने तळवा धरून ठेवला. तीन आठवड्यांनी माझा मी ढकलायला लागलो. एका अभंगात भाता किती वेळा हलतो, मोजा कधी. मला मोजायची गरजच पडली नाही.

आज उजव्या हाताची तीन बोटं उघडतात. करंगळी नाही. पेटी अजून उलटीच वाजवतो.

दूरदेशी | २७ जुलै, रात्री ११.३०

पेटीवाले काका, नमस्कार. मी लीड्सला असतो, इथे भावाचं आजारपण काढलं म्हणून थोडं माहीत. सहा महिन्यांनंतर दार बंद होतं, हे तुम्हाला सांगितलं गेलं तसं इथेही सांगतात. लंडनमध्ये क्वीन स्क्वेअरच्या न्यूरो हॉस्पिटलात फक्त हातासाठी एक कार्यक्रम आहे, तीन आठवड्यांत ९० तास. २०१९ साली त्यांचे निकाल आले. त्यातल्या निम्म्या लोकांच्या झटक्याला दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. हात सुधारले, आणि सहा महिन्यांनीही सुधारणा टिकून होती.

हाताचा सराव करून घेणाऱ्या रोबोटबद्दल मात्र माझा अपेक्षाभंग झाला. इथेच ७७० रुग्णांवर चाचणी झाली, तीही २०१९ सालचीच. रोबोटवर सराव केलेल्यांचा हात नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त कामाला आला नाही. सध्या नव्याने बोललं जातं ते मानेतल्या व्हेगस नसेला जोडलेल्या छोट्या यंत्राबद्दल. व्यायामाच्या प्रत्येक हालचालीबरोबर ते नसेला हलका झटका देतं. २०२१ साली १०८ रुग्णांवर चांगला निकाल आला आणि अमेरिकेत परवानगी मिळाली. ऑपरेशन लागतं, आणि नुसतं बसवून काही होत नाही, तासन्‌तास सराव करावाच लागतो.

गोकर्ण | २८ जुलै, सकाळी ८.१०

म्हणूनच मी लोकांना सांगते, रोबोट ग्लोव्हवर लाखभर घालण्याआधी तोच पैसा रोज येणाऱ्या थेरपिस्टवर घाला. हात यंत्राने हलवला आणि माणूस टीव्ही बघत बसला, तर मेंदूला त्यातलं काही कळत नाही. प्रयत्न त्याचा असावा लागतो, चुकला तरी.

कृष्णाकाठ | १६ ऑगस्ट, रात्री १०.२०

तीन आठवडे लिहिलं नाही, करत होते. आरसा चालू आहे. पहिल्या दिवशी आईने आरशात उजवा हात उघडताना पाहिला आणि आरशामागे डोकावली. मग हसली. जूननंतर पहिल्यांदा.

नवीन फिजिओ मॅडम मिळाल्या, त्यांनी हाताच्या हालचालींची ६६ गुणांची परीक्षा घेतली, फुगल-मायर म्हणतात तिला. आईला १७.

एक विचारायचं आहे. काल आरतीला सगळे उभे होतो. आई खुर्चीत. 'घालीन लोटांगण' सुरू झालं आणि तिने दोन्ही हात जोडले. डाव्याने उजवा ओढला नाही, मी नीट पाहिलं. उजवा स्वतः मध्यापर्यंत आला. आणि शब्दही! सबंध ओळ म्हणाली, जी बाई 'हो' म्हणू शकत नाही ती. नंतर मॅडमनी 'हात जोडा' म्हटलं तर जमलं नाही. हेही जांभईसारखंच?

रानजाई | १७ ऑगस्ट, सकाळी ६.००

नाही, हे त्याहून कितीतरी चांगलं आहे. जांभई तिच्या ताब्यात नाही. आरती तिने साठ वर्षं केली आहे. मुरलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या, पसरलेल्या जागी राहतात. सांगितलेलं काम करण्याची वाट अडली, तरी प्रसंगाने चालून आलेलं काम दुसऱ्या वाटेने निघतं. तेव्हा हुकूम देणं कमी करा, प्रसंग जास्त आणा. 'कंगवा उचल' म्हणू नका, आंघोळीनंतर कंगवा उजव्या बाजूला ठेवा. 'हात पुढे कर' नको, तीर्थाची पळी पुढे करा. आरती दोन्ही वेळा करा. शब्दांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा, सुरातून बोलणं काढण्याची पद्धत त्यांना माहीत असते.

तुळशीवृंदावन | १७ ऑगस्ट, सकाळी ९.२५

तीर्थासाठी तर ओंजळच लागते. वाचताना डोळे भरले.

माळरान | १७ ऑगस्ट, रात्री ८.००

आण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्या बाईला सांग, दुखलं तर थांबायचं आणि कंटाळा आला तर थांबायचं नाही.

कृष्णाकाठ | ९ डिसेंबर, रात्री ९.४५

रजा संपून मी पुण्याला परतले, शनिवार-रविवार कराड. आठवडाभर वडील करून घेतात. त्यांनी वही घातली आहे, रोजच्या खेपांच्या रेघा मारतात, पाच-पाचच्या जुड्या, पूर्वी उसाच्या मोळ्या मोजताना मारायचे तशा. मध्ये एक आठवडा रिकामा आहे. आईला खोकला झाला होता आणि तिने काहीच करू दिलं नाही. तेव्हा वडीलही खचले होते, फोनवर नुसतं हं हं म्हणायचे.

गुण ६६ पैकी २९. मनगट थोडं वर येतं. अंगठा अजून तळव्यातच. मॅडम म्हणतात मोज्याचा विचार जानेवारीत करू, रोज दोन तासांपासून, त्याही बसल्या जागी. वातींचं म्हणाल तर उजव्या हाताने वात वळत नाही. कापूस दाबून धरते, पिंजते डाव्याने. लक्षवाती यंदा वडिलांनी विकत आणल्या, तिने टोपलीत हात घालून चाचपून पाहिल्या आणि म्हणाली 'नको'. या वेळी नकोच म्हणायचं होतं तिला.

काल मी भाकरीचं पीठ मळायला बसले होते. परात फरशीवर सरकत होती. ती खुर्चीवरून उतरली, सावकाश, भिंत धरून, माझ्यासमोर बसली आणि उजव्या हाताची आवळलेली मूठ परातीच्या काठावर टेकवून दाबून धरली. मी मळेपर्यंत धरून होती. परात हलली नाही.

मॅडमना व्हिडिओ पाठवला. त्यांनी विचारलंय, मूठ काठावरून स्वतः उचलली का डाव्याने? ते माझ्या लक्षात राहिलं नाही. रविवारी पुन्हा पाहून इथे लिहिते.

पेटीवाला | १० डिसेंबर, सकाळी ७.३०

वाट पाहतो. परातीखाली ओलं फडकं घालू नका. सरकू द्या तिला.